रात्रीचं जेवण: शिजवायचं एकच, बाकीचं डब्यातलं

बेळगावात शिकायला किंवा नोकरीला येऊन खोली घेतलेल्यांचा पहिला महिना खानावळीवर निघतो. दुसऱ्या महिन्यात पोट कुरकुरायला लागतं, आणि एका संध्याकाळी माणूस मोठ्या हौसेनं गॅसची शेगडी, कुकर आणि कढई घेऊन येतो. गडबड पुढं होते. घरी आई वाढायची ते ताट डोळ्यांपुढं असतं: चपाती, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर. कामावरून सुटून आलेल्या माणसानं एका शेगडीवर हे सगळं करायला घेतलं, की जेवायला साडेनऊ वाजतात, भांड्यांचा ढीग पडतो आणि आठवड्याच्या आत गाडी परत खानावळीवर.

खानावळीला नावं ठेवायची नाहीत, दुपारची तीच बरी. पण रात्रीचं शाकाहारी जेवण घरी करायचं असेल आणि ते महिनोन्‌महिने टिकवायचं असेल, तर एक नियम पाळा: रोज शिजवायचं ते एकच. भाकरी विकत, चटणी डब्यातली, सोबत काहीतरी कच्चं आणि दही. शिजवलेली एक गोष्ट चांगली झाली की ताट भरतं. खाली दिलेलं माप दोघांचं आहे. एकट्यानं केलंत तर उरलेलं दुसऱ्या दिवशी कामाला येतं, ते कसं तेही पुढं सांगतो.

सीमाभागात हा बेत जमतो त्याला जमिनीचं कारण आहे. जिल्ह्याची पश्चिम बाजू, म्हणजे खानापूर आणि बेळगाव तालुका, पावसाची आणि भाताची. पूर्वेकडं अथणी, रामदुर्ग, सौंदत्तीकडं गेलात की कोरडं रान, तिथं ज्वारी. दोन्हीकडचा माल बेळगावच्या बाजारात उतरतो. त्यामुळं इथल्या घरात भात खाणारा आणि भाकरी खाणारा असे दोन पंथ नाहीत, ताटात दोन्ही असतं. वर तोंडी लावायच्या कोरड्या चटण्यांची इथं जी चंगळ आहे, ती पुण्या-मुंबईकडून आलेल्याला पहिल्यांदा नवीच वाटते.

आधी डबे भरा

स्वयंपाक पहिल्या दिवशी सुरू करू नका. पहिल्या सुट्टीला फक्त बाजार करा. किराणा माल रविवार पेठेत घाऊक मिळतो, पण एका खोलीसाठी घाऊक माल काय करायचा? गल्लीतल्या दुकानातून किलो-अर्धा किलो आणा. पाकिटावरचं कन्नड वाचता येत नसेल तर सुटा माल घ्या, हातात घेऊन बघा, वास घ्या. बेसन कडवट लागत असेल तर जुनं आहे, परत द्या. भाजीसाठी गणपत गल्ली आणि आसपासचा बाजार आहेच. आजूबाजूच्या खेड्यांतून बुट्टी घेऊन आलेल्या बायकांकडं पालेभाजी ताजी मिळते. संध्याकाळी उशिरा गेलात तर स्वस्त मिळते, पण कोमेजलेली.

कडधान्यांत अख्खा मसूर एक किलो घ्या. बेळगावाजवळच्या येळ्ळूर-शहापूर शिवारात भात काढल्यावर त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा पेरतात. गावठी मसूर मिळाला तर तोच घ्या, दाणा बारीक असतो आणि चवीला सरस. मसूर यासाठी की तो रात्रभर भिजवावा लागत नाही. मटकी, हरभरा, चवळी यांचा बेत आदल्या दिवशी ठरवावा लागतो, आणि दमलेल्या माणसाला आदल्या रात्री काही आठवत नाही.

तांदूळ रोजचा साधा घ्या, इंद्रायणी किंवा सोनामसुरी. बेळगाव बासमतीचं नाव ऐकाल, वास खरोखरच छान असतो, पण तो पाहुणे आले की काढायचा तांदूळ आहे. बेसन अर्धा किलो. शेंगदाणे अर्धा किलो. मोहरी, जिरं, हिंग, हळद, मीठ, गूळ, चिंच किंवा आमसूल. शेंगतेल किंवा तुमच्या सवयीचं तेल.

तिखटाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण निम्मी चव तिथं आहे. मिरच्या मुख्यतः दोन. ब्याडगी रंगाला, तिखटपणा कमी. ती हावेरी जिल्ह्यातली, २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. संकेश्वरी मात्र झणझणीत. संकेश्वर इथलंच, हुक्केरी तालुक्यातलं. घराघरांत उन्हाळ्यात या दोन्ही मिसळून, कांदा, लसूण, खोबरं आणि गरम मसाले घालून वर्षाचं तिखट कांडून ठेवतात. घरमालकीण किंवा शेजारच्या काकू ‘चटणी घाला की दोन चमचे’ म्हणाल्या तर त्यांना हे कांडलेलं तिखट म्हणायचं असतं, शेंगाची चटणी नव्हे. ते विकतही मिळतं. पहिल्यांदा पाव किलोच घ्या. प्रत्येक घरचं आणि प्रत्येक दुकानाचं वेगळं असतं. एकाचा एक चमचा तो दुसऱ्याचे दोन. नवीन डबा उघडला की पहिल्या आमटीला अर्ध्या मापानं घाला, चव बघा आणि मग वाढवा.

आता तोंडी लावायच्या चटण्या. शेंगाची, कारळ्याची आणि जवसाची, या तिन्ही तयार मिळतात. शेंगाची मात्र घरी करा, दहा मिनिटांचं काम आहे. एक वाटी शेंगदाणे मंद आचेवर, सालावर डाग पडेपर्यंत भाजा. गार करून हातानं चोळा, सालं फुंकून काढा, थोडी राहिली तरी चालतात. आठ-दहा लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, दीड चमचा लाल तिखट आणि चवीपुरतं मीठ. खलबत्ता असेल तर उत्तम. मिक्सर असेल तर सलग फिरवू नका, थांबून थांबून फिरवा, नाहीतर एक तर पीठ होतं किंवा लगदा. दाण्याला किंचित तेल सुटून चटणी बोटात धरल्यावर गोळा होईल इतपत पुरे. कोरड्या काचेच्या बरणीत पंधरा दिवस सहज राहते. बरणीत ओला चमचा घालायचा नाही. पावसाळ्यात तर अजिबातच नाही. बेळगावच्या पावसात मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं.

कारळ्याची घरी करायची तर दाणा तडतडेपर्यंतच भाजा. जरा जास्त भाजला की कडू होतो, आणि तो कडूपणा गुळानंही जात नाही.

भाकरीचं काय? ताजी ज्वारीची भाकरी करून विकणारी घरं बऱ्याच गल्ल्यांत असतात, खानावळीतही नुसत्या भाकऱ्या बांधून देतात. येताना चार घेऊन या. शिवाय एक कडक भाकरीचं पाकीट खोलीत असू द्या. पापडासारखी पातळ, पूर्ण वाळलेली भाकरी असते ती. कोरड्या हवेत घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर टिकते. नुसती चटणी-दह्याबरोबर मोडून खातात. मऊ हवी असेल तर दोन्ही बाजूंनी पाण्याचा हात फिरवून ओल्या फडक्यात पाच मिनिटं गुंडाळून ठेवा. ज्या दिवशी ताजी भाकरी मिळाली नाही त्या दिवशी हीच वाचवते.

कुकरात आमटी आणि भात एकदम

हे शिकलात की अर्धं काम झालं. पाच लिटरचा कुकर, आत बसेल असं एक डबं किंवा पातेलं आणि ते ठेवायला जाळी, एवढंच लागतं. तीन लिटरच्या कुकरात दोन्ही दाटीवाटीनं बसतं, पण त्यात सांडलवंड फार.

खोलीवर आलात की चप्पल काढल्यावर पहिलं काम: पाऊण वाटी मसूर धुऊन कोमट पाण्यात भिजत घाला. वाटी म्हणजे आमटीची नेहमीची, साधारण दीडशे मिली मावणारी. मसूर निवडून घ्या, गावठी मालात खडे असतात. एक वाटी तांदूळही धुऊन निथळत ठेवा. मग हातपाय धुवा, चहा घ्या, फोनवर बोला. अर्धा तास जाऊ दे.

भिजवलेलं पाणी ओतून टाकून मसूर सरळ कुकरच्या तळाशी घाला. अडीच वाट्या पाणी, पाव चमचा हळद आणि एक छोटा चमचा तेल. हे तेल विसरू नका. कडधान्याला फेस येतो, तो शिट्टीच्या नळीत जातो आणि ओट्यावर पिवळा फवारा उडतो. तेलानं फेस बसतो. मीठ, चिंच, टोमॅटो यातलं काही आत्ता घालायचं नाही. आंबट पदार्थ घातला की कडधान्य लवकर शिजत नाही, दाणा आतून टणक राहतो. मिठानं इतकं बिघडत नाही, पण ते फोडणीनंतर घालायची सवय बरी. मग आटलेल्या आमटीचा अंदाज चुकत नाही.

वर जाळी ठेवा, तिच्यावर तांदळाचं पातेलं. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, तांदूळ नवा असेल तर पावणेदोन. पातेल्यावर ताटली झाका. कडधान्य शिजवताना कुकर पाण्यासकट निम्म्याच्या वर भरायचा नसतो. हे तळाच्या मसुराबद्दल सांगतोय, वरचं पातेलं वेगळं. झाकण लावण्याआधी शिट्टीच्या भोकातून उजेड दिसतो का बघा.

मध्यम आचेवर तीन शिट्ट्या, मग गॅस बारीक करून चार मिनिटं आणि बंद. मसूर भिजवायला वेळच मिळाला नसेल तर पाच शिट्ट्या. गोव्याहून किंवा कोकणातून आलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. इथं पाणी शंभर अंशांच्या दोन-अडीच अंश खालीच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजवायला घातली तर घरच्यापेक्षा वेळ लागतो, त्यात डाळीचा दोष नाही. कुकरात दाब असल्यामुळं हा फरक जवळजवळ जाणवत नाही.

वाफ आपोआप उतरू द्या. पाण्याखाली धरून कुकर घाईनं उघडलात तर आतलं एकदम उसळतं, भातही फिसकटतो. या दहा-बारा मिनिटांत फोडणीची तयारी करा: एक मोठा कांदा बारीक चिरून, सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून, एक टोमॅटो चिरून, कढीपत्त्याची एक काडी, मूठभर कोथिंबीर. शेंगदाण्याचा कूट दोन चमचे काढून ठेवा.

कढईत दोन चमचे तेल चांगलं तापवा. मोहरी टाका, ती पूर्ण तडतडू द्या. अर्धवट तडतडलेली मोहरी आमटीत दाताखाली कडू लागते. मग जिरं, चिमूटभर हिंग, कढीपत्ता आणि लसूण. लसूण कडेनं लालसर दिसला की कांदा. इथं घाई करू नका. कांदा नुसता पारदर्शक होऊन चालत नाही, तपकिरी व्हायला हवा. सात-आठ मिनिटं लागतात. बाजारच्या आमटीत आणि घरच्या आमटीत जो फरक वाटतो तो बहुतेक वेळा या सात मिनिटांचा असतो. कांदा झाला की टोमॅटो, तो गळून तेल सुटेपर्यंत परता.

आता आच बारीक करा आणि मगच दीड चमचा कांदा-लसूण तिखट घाला. तापलेल्या तेलात तिखट टाकलं की क्षणात करपतं, अख्ख्या गल्लीला ठसका लागतो आणि आमटी काळपट होते. तिखट पडल्यावर लगेच दोन चमचे पाणी घालून अर्धा मिनिट परता. लाल तवंग दिसायला लागतो. लगेच कुकरातला मसूर पाण्यासकट ओता. पळीनं चार-पाच वेळा कढईच्या बाजूला दाबून थोडे दाणे मोडा. अख्खे दाणे आणि मोडलेले दाणे असं मिश्रण झालं की आमटीला दाटपणा येतो, वेगळं वाटण लागत नाही. मीठ, सुपारीएवढा गूळ, दोन आमसुलं किंवा चिंचेचा एक चमचा कोळ आणि दाण्याचा कूट. रस्सा हवा तेवढा ठेवा. भाताबरोबर खायची तर जरा पातळ, भाकरी बुडवून खायची तर दाट. पाणी घालायचं झालं तर गरमच. सात-आठ मिनिटं रटरटू द्या, वरून कोथिंबीर.

घरी वाटण घालतात ना, असं कोणी विचारेल. घालतात. सुकं खोबरं, तीळ, कांदा भाजून, वाटून. रविवारी वेळ असेल तेव्हा घाला. एरवी दाण्याचा कूट पुरतो, आणि खरं सांगायचं तर मसुराला तो जास्त शोभतो.

आमटी बिघडलीच तर? मसूर टणक राहिला असेल तर फोडणीत ओतण्याआधीच ओळखा: एक दाणा बोटांत दाबून बघा, सहज चुरगळला पाहिजे. नाही चुरगळला तर परत दोन शिट्ट्या. आंबट पडल्यानंतर उपाय उरत नाही. फार तिखट झाली तर पाणी वाढवू नका, चव पातळ होते. कूट आणि गूळ वाढवा, ताटात दही घ्या. खारट झाली तर एक बटाटा चिरून तिच्यात शिजवा, रस्सा वाढवा आणि त्या रात्री भाकरीऐवजी भात जास्त खा.

उशीर झाला त्या दिवशी पिठलं

साडेआठला दार उघडलंत तर मसुराचा विचार सोडा. पिठलं पंधरा मिनिटांत होतं आणि भाकरी घरात असली की पूर्ण जेवण आहे.

अर्धी वाटी बेसन एका भांड्यात घेऊन आधी फक्त चार-पाच चमचे गार पाणी घाला आणि गुळगुळीत पेस्ट करा. मग हळूहळू दीड वाटी पाणी. सगळं पाणी एकदम ओतलं की गाठी होतात, आणि गरम पाणी वापरलंत तर त्या मोडतच नाहीत. कढईत दीड चमचा तेल, मोहरी, जिरं, हिंग, पाच लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या आणि एक कांदा. कांदा मऊ झाला की हळद, मीठ. आच बारीक करून एका हातानं बेसनाचं पाणी ओता, दुसऱ्या हातानं ढवळत राहा. पहिली दोन मिनिटं हात थांबवायचा नाही. दाटायला लागलं की झाकण ठेवून पाच मिनिटं. पिठलं ज्वालामुखीसारखे बुडबुडे सोडतं, हातावर उडालं तर चांगलं भाजतं, म्हणून झाकण तिरकं उघडा. कच्च्या बेसनाचा वास गेला, कडेनं चकाकी आली की झालं. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, त्यामुळं उतरवताना जरा सैलच ठेवा.

कोरडा झुणका हवा असेल तर कांदा तिप्पट घ्या, बेसन कोरडंच भुरभुरून परता आणि पाण्याचे हबके मारत झाकून शिजवा. तेल थोडं जास्त लागतं. डब्यात न्यायला हा बरा, सांडत नाही.

ताटातलं कच्चं

याला लोक विसरतात आणि मग जेवण कोरडं लागतं म्हणतात. या भागात कच्च्या पालेभाजीची सवय जुनी आहे. मेथीची कोवळी जुडी, कांदापात, मुळा, हक्करकी, ही सगळी भाकरीबरोबर नुसती धुऊन खातात. मेथी बारीक चिरून, तिच्यात कांदा, दाण्याचा कूट, मीठ, थोडं दही किंवा लिंबू, वरून जरा लाल तिखट आणि कच्चं तेल. चिरायला पाच मिनिटं. मेथी कडू लागेल ही भीती नको. कोवळी असेल तर कूट आणि दह्यात तो कडवटपणा उलट हवासा वाटतो.

पाला तीनदा धुवा, परातीत बुडवून, वरचा वर उचलून. मातीचं पाणी तळाशी राहतं. पाला चाळणीत ओतला की तीच माती परत वर येते. जून ते सप्टेंबर मात्र कच्चा पाला टाळा. त्या दिवसांत काकडी, कांदा, गाजर घ्या, किंवा तीच मेथी फोडणीला घाला.

दही शेजारच्या दुकानात पाकिटातलं मिळतं. घरी विरजायचं तर इथल्या गारव्यात, विशेषतः पावसात आणि डिसेंबर-जानेवारीत, ते सकाळपर्यंत लागत नाही. दूध जरा जास्त कोमट ठेवून भांडं टॉवेलात गुंडाळा.

कांदा-लसूण नको असेल तेव्हा

चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारे बरेच आहेत. आषाढातल्या कांदेनवमीला भजी-थालीपीठ झोडून मग चार महिने बंद. निपाणी-चिकोडीकडं जैन घरं पुष्कळ, तिथं सूर्यास्ताआधी जेवणारेही असतात. खोलीतला जोडीदार असा असेल तर मसुराची हीच आमटी हिंग दुप्पट घालून, कांद्याऐवजी दोन टोमॅटो आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची पूड घालून करा. तिखटाचा डबा मात्र वेगळा लागेल, कारण कांडलेल्या तिखटातच कांदा-लसूण असतो. साधी ब्याडगीची पूड आणि थोडा गोडा मसाला वापरा. शेंगाच्या चटणीतही लसणाऐवजी जिरं वाढवा. हे आधी विचारून घ्या, ताट वाढल्यावर नको.

उरलेल्याचं

आमटी मुद्दाम थोडी जास्त करावी. फ्रीज असेल तर दुसऱ्या दिवशी ती आणखी मुरलेली लागते. फ्रीज नसेल तर सकाळी एकदा खळखळून उकळा आणि दुपारपर्यंत संपवा, उन्हाळ्यात सकाळीच. भात उरला तर सकाळी दही-दूध घालून, मोहरी-मिरचीची फोडणी देऊन डब्यात न्या. रात्रभर बाहेर राहिलेला भात बिघडलाय की नाही ते वासावरून नेहमी कळत नाही, शंका आली तर टाकून द्या. भात वाया गेलेला परवडला.

शिळ्या भाकरीचा कुस्करा करा. भाकरी हातानं बारीक कुस्करायची, पाण्याचा हबका मारून ठेवायची. तेलात मोहरी, कढीपत्ता, कांदा, हिरवी मिरची, हळद, मग कुस्करलेली भाकरी, मीठ, चिमूटभर साखर, झाकून तीन मिनिटं. वर शेंगाची चटणी आणि दही. हा नाश्ता असतो, पण रात्री जेवायची फार इच्छा नसेल तर जेवणही हाच होतो.

भाकरी शिकायची असेल तर

रात्री नको. भुकेल्या पोटी भाकरी शिकता येत नाही. रविवारी दुपारी, आमटी तयार असताना, घरात चार विकतच्या भाकऱ्या असताना शिका.

ज्वारी मालदांडी मिळाली तर बरी. पीठ गिरणीतून आठवड्यापुरतंच दळून आणा. जुन्या पिठाला विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, राहत नाही, भाकरी थापताना कडेनं फाटते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी उकळतं लागतं. त्यानं पिठातलं सत्त्व शिजून गोळा धरतो. परातीत दीड वाटी पीठ, मध्ये खळगा करून एक वाटीभर उकळतं पाणी थोडं थोडं ओता, आधी उलथन्यानं कालवा. हाताला सोसवेल तसं तळहाताच्या टाचेनं दाबून दाबून पाच मिनिटं मळा. या मळण्यावरच भाकरी फुगायची की नाही ते ठरतं. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा घ्या, परातीत कोरडं पीठ पसरा, त्यावर ठेवून बोटांनी फिरवत थापा, कडा मध्यापेक्षा पातळ ठेवा. पिठाची बाजू वर येईल अशी तापलेल्या लोखंडी तव्यावर टाका, लगेच वरून पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आलं की उलटा, दुसरी बाजू नीट भाजू द्या, मग भाकरी सरळ आचेवर धरा.

पहिल्या दिवशी ती वाटोळी होणार नाही आणि तव्यावर नेताना मोडेलही. मोडली तर तव्यावरच तुकडे चांगले कडक भाजून घ्या आणि आमटीत चुरून खा. हातानं नीट उचलता येईपर्यंत लहान करा, तळहाताएवढी; आकार नंतर वाढवता येतो. त्या दरम्यान भाकरीवाल्या काकूंकडून रोजच्या चार भाकऱ्या चालू ठेवा. आणि ओळख झाली की त्यांच्या परातीशेजारी पंधरा मिनिटं उभे राहू का, असं विचारून बघा. पाण्याचा अंदाज आणि हाताची फिरकी लिहून जेवढी कळते, त्याच्या कितीतरी पट तिथं बघून कळते.